मेंदूचे शास्त्र आणि कर्जाची खतावणी

व्यापारी घरात मूल नीट बोलू लागण्याआधीच हिशेबाचे शब्द त्याच्या कानांवर पडू लागतात. भाव, आडत, उधारी, व्याज, तारण ही त्या घराची रोजची भाषा असते. तरीही एक व्यवहार असा आहे की, ज्याच्या वेळी हीच जाणती मंडळी रोजमेळ मिटून ठेवतात. तो व्यवहार म्हणजे मुलांचे उच्च शिक्षण. ज्या गादीवर सरकीच्या पोत्याचा भाव दहा ठिकाणी विचारला जातो, त्याच गादीवर चाळीस लाखांच्या शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर एका संध्याकाळी सह्या होतात. किंवा याच्या उलट घडते. हुशार मुलीची इच्छा ‘आपल्याकडे असले काही चालत नाही’ एवढ्या एका वाक्यात निकालात निघते. होकार असो की नकार, हिशेब दोन्हीकडे झालेला नसतो.

वर्धा जिल्ह्यातील असे एक घर कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. हिंगणघाटच्या कापूसपेठेत तीन पिढ्यांची आडत, एका जिनिंगमध्ये छोटीशी भागीदारी आणि वडिलांच्या नावावर एक गोदाम. मुलगी बारावी विज्ञान शाखेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेली. दोन वर्षांपूर्वी आजोबांना पक्षाघात झाला. जीव वाचला, पण वाचा गेली. आजोबांना ‘पाणी’ हा शब्द सापडत नसे. पण खतावणीतील बेरजेची चूक मात्र ते बोट ठेवून दाखवीत. नात हे रोज पाहत होती. पॅरिसच्या पॉल ब्रोका या शल्यवैद्याने १८६१ साली वाचा गेलेल्या एका रुग्णाच्या मेंदूचे परीक्षण करून डाव्या बाजूच्या पुढील भागाचा वाणीशी असलेला संबंध दाखवून दिला, हे तिच्या वाचनात आले. शब्द जातात आणि आकडे राहतात, हे कसे? हा प्रश्न तिला सोडीना. एके रात्री जेवणे आटोपल्यावर ती म्हणाली, “बाबा, मला मेंदूचाच अभ्यास करायचा आहे.”

त्यानंतर नागपूरच्या एका शिक्षण-सल्लागाराचा कागद घरात आला. अमेरिकेतील विद्यापीठात न्यूरोसायन्सची चार वर्षांची पदवी, थोडी शिष्यवृत्ती, काही रक्कम घरची आणि चाळीस लाखांचे कर्ज. आईला वाटले, मुलगी डॉक्टर होणार. मामा म्हणाले, “भाऊजी, परदेशात गेली की कर्ज दोन वर्षांत फिटेल.” वडिलांनी विचारले, “या पदवीवर मिळवणार किती?” प्रश्न योग्य होता, पण उत्तर ज्याच्यापाशी मागितले, त्याचा तो धंदा होता.

डॉक्टरकी वेगळी, मेंदूचे शास्त्र वेगळे

पहिला गैरसमज आईचा दूर व्हावयास हवा. मेंदूविकारतज्ज्ञ होण्याचा मार्ग ‘नीट’ परीक्षेतूनच जातो. इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, त्यानंतर तीन वर्षांचे एमडी आणि पुढे तीन वर्षांचे डीएम, अशी ही साडेअकरा वर्षांची वाटचाल आहे. न्यूरोसायन्सची पदवी, मग ती देशातील असो वा परदेशातील, या मार्गाला कोठेही मिळत नाही. ‘नीट’मध्ये गुण कमी पडले म्हणून मागच्या दाराने मेंदूचा डॉक्टर होता येईल, या आशेने जे पालक या पदवीकडे पाहतात, त्यांची फसगत ठरलेली आहे. अमेरिकेत पदवीनंतर वैद्यकीय महाविद्यालयात जाता येते हे खरे; परंतु परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देणारी महाविद्यालये तेथे थोडी आहेत आणि त्यांचा खर्च या चाळीस लाखांच्या कितीतरी पुढचा आहे.

मग ही विद्याशाखा आहे तरी काय? मेंदू व मज्जासंस्था यांचे कार्य जीवशास्त्र, रसायन, भौतिकी, गणित आणि मानसशास्त्र यांच्या साहाय्याने समजून घेणारे हे शास्त्र आहे. स्वतंत्र विषय म्हणून ते तरुण आहे. या क्षेत्रातील संशोधकांची ‘सोसायटी फॉर न्यूरोसायन्स’ ही अमेरिकेतील संस्था १९६९ साली स्थापन झाली. डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकाराने सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेही त्याच वर्षी. सेवाग्राममध्ये रुग्ण बरा करण्याची विद्या शिकवली जाते. न्यूरोसायन्समध्ये रोग होतो कसा, याचा शोध घेतला जातो. दोन्ही कामे थोर आहेत. पण त्यांच्या कमाईचा काळ, रीत आणि प्रमाण ही अगदी भिन्न आहेत.

पदवी ही अर्धी वाट

कापसाच्या पेठेत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट चटकन समजावी. शेतातून आलेल्या कापसातून जिनिंगमध्ये सरकी निराळी होऊन रुई निघते, रुईची गाठ बांधली जाते, गाठीचे सूत आणि सुताचे कापड होते. प्रत्येक पायरीवर मालाला भाव आहे. पण रुई विकताना कापडाचा भाव कोणी मागत नाही.

अभियांत्रिकी, सनदी लेखापाल किंवा औषधनिर्माणशास्त्र यांसारख्या शिक्षणानंतर विद्यार्थी थेट व्यवसायात उतरू शकतो. न्यूरोसायन्सची केवळ पहिली पदवी मात्र रुईच्या गाठीसारखी आहे. तिच्यावर प्रयोगशाळेतील साहाय्यक, औषध-चाचण्यांच्या कामातील समन्वयक, वैद्यकीय लेखन वा आकडेवारीचे विश्लेषण अशी कामे मिळू शकतात. परंतु त्याच जागांसाठी प्राणिशास्त्राचा, जीवरसायनाचा आणि जैवतंत्रज्ञानाचा पदवीधरही उभा असतो. रुग्णालयात मेंदूचा आलेख काढणाऱ्या तंत्रज्ञाचे शिक्षण निराळे असते. त्या कामाची अपेक्षा असेल, तर आरंभापासून तोच अभ्यासक्रम घ्यावा. संशोधक, प्राध्यापक किंवा मोठ्या औषध कंपनीतील शास्त्रज्ञ होण्यासाठी पदव्युत्तर शिक्षण आणि बहुधा पीएचडी आवश्यक ठरते. म्हणजे कापड तयार होण्यास नऊ-दहा वर्षे लागतात आणि कर्जाचा हप्ता मात्र गाठ बांधून होताच सुरू होतो.

या विषयातील कमाई आणि कर्ज यांचा खरा तिढा हाच आहे. दहा वर्षांनंतरच्या पगाराशी कर्जाची तुलना करून उपयोग नाही. पहिला हप्ता ज्या महिन्यात सुरू होईल, त्या महिन्यात हातात काय पडेल, त्याच्याशी ती करावी लागते.

छापील आकड्यांतील मेख

सल्लागाराच्या कागदावर बहुधा अमेरिकेतील पदवीधरांची कमाई छापलेली असते. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१५ साली ‘कॉलेज स्कोरकार्ड’ या नावाने महाविद्यालयनिहाय कमाई व कर्ज यांची माहिती खुली केली. पुढे ती विषयवारही मिळू लागली. उपक्रम स्तुत्य आहे. पण मालाचा नमुना पाहताना तो कोणत्या ढिगातून काढला, हे व्यापारी विचारतो; तसेच येथेही विचारावे.

ही माहिती त्यांच्या केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य घेतलेल्या विद्यार्थ्यांची असते. भारतातून गेलेला विद्यार्थी त्या साहाय्यास पात्र नसल्याने तो त्या आकड्यांत नसतोच. ज्यांचे शिक्षण पुढे चालू आहे, त्यांची कमाईही त्यात धरली जात नाही. न्यूरोसायन्सचे अनेक पदवीधर पुढे वैद्यक किंवा पीएचडीकडे वळत असल्याने उरलेल्यांच्या पगारावरून विषयाचे खरे मोल कळत नाही. ते कमीही भासू शकते आणि जास्तही. शिवाय स्थानिक पदवीधर देशभर कोठेही नोकरी धरू शकतो. भारतीय विद्यार्थ्याला शिकत असताना आठवड्याला वीस तासांपर्यंतच, तेही विद्यापीठाच्या आवारात, काम करता येते. पदवीनंतर बारा महिने आणि विज्ञान शाखेमुळे आणखी चोवीस महिने काम करण्याची मुभा असते. त्यापुढे व्हिसाचा प्रश्न उभा राहतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. 

यातच चलनाची तेजी-मंदी मिसळते. २०११ च्या आरंभी डॉलर सुमारे ४५ रुपयांना होता. २०२४ च्या डिसेंबरात त्याने ८५ रुपये ओलांडले. फी डॉलरमध्ये भरावयाची आणि कर्ज रुपयांत काढावयाचे असल्याने पहिल्या वर्षी केलेला अंदाज चौथ्या वर्षी अपुरा पडतो.

चाळीस लाखांचे किती होतात?

आता वही उघडावी. उदाहरणादाखल व्याजाचा दर १०.५ टक्के धरला आणि दरवर्षी १० लाख याप्रमाणे चार वर्षे उचल झाली असे मानले. बँकांच्या नमुना योजनेनुसार अभ्यासक्रम व त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो. पण या काळात साधे व्याज चढत राहते. पहिल्या उचलीवर पाच वर्षांचे, दुसरीवर चार, तिसरीवर तीन आणि चौथीवर दोन वर्षांचे. एकूण १४ लाख ७० हजार रुपये. ते वेळच्या वेळी भरले नाही, तर हप्ता सुरू होण्याच्या दिवशी देणे ५४ लाख ७० हजारांचे झालेले असते. पंधरा वर्षांच्या मुदतीत त्याचा मासिक हप्ता सुमारे ६०,५०० रुपये येतो. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत चाळीस लाखांपोटी बँकेला दिलेली रक्कम एक कोटी आठ लाखांच्या पुढे जाते.

या हप्त्याशेजारी एक आकडा ठेवावा. भारतात राष्ट्रीय पातळीवरील कठीण परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, म्हणजेच जेआरएफ, जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, घरभाडे निराळे. म्हणजे मुलगी मायदेशी परतून संशोधनाची मानाची जागा मिळवील, तरी तिचे संपूर्ण विद्यावेतन हप्त्याला पुरणार नाही. मग एकच होईल. ज्या शास्त्रासाठी कर्ज काढले, त्या कर्जामुळेच तिला ते शास्त्र सोडून जास्त पगाराची कोणतीही नोकरी धरावी लागेल.

व्यापारी कुटुंबाच्या दृष्टीने आणखी एक बाब आहे. मोठ्या कर्जास स्थावर तारण लागते आणि अशा घरात तारण देण्याजोगी मालमत्ता बहुधा एकच असते. तिच्याच आधारावर पेढीची सीसी मर्यादा उभी असते. गोदाम शैक्षणिक कर्जात गुंतले, तर कापसाच्या हंगामात शेतकऱ्याला रोख चुकारे द्यावयाचे खेळते भांडवल कोठून आणावयाचे? पालक सहकर्जदार असल्याने थकलेल्या हप्त्याची नोंद त्यांच्याही पतअहवालात होते. मुलीच्या शिक्षणाचा हप्ता चुकला आणि वडिलांची मर्यादा बँकेने आखडली, असा प्रसंग ओढवू शकतो. धाकट्या भावंडांचे शिक्षणही त्याच गोदामाकडे डोळे लावून बसलेले असते.

दुसरी वाट

एवढे वाचून वडिलांनी वही मिटावी आणि मुलीला बी.कॉम.ला घालावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. आजोबांच्या उशाशी बसून जिला असा प्रश्न पडला, तिची जिज्ञासा ही त्या घराची खरी पुंजी आहे. माल चांगला आहे. तो कोणत्या रस्त्याने न्यावयाचा, एवढेच ठरवावयाचे आहे.

मेंदूच्या संशोधनात येणारे विद्यार्थी अनेक विषयांतून येतात. पहिली पदवी ‘न्यूरोसायन्स’ या नावाचीच असावी, अशी अट बहुधा नसते. वर्ध्याच्या जानकीदेवी बजाज विज्ञान महाविद्यालयात किंवा नागपुरात राहून प्राणिशास्त्र, रसायन वा जीवरसायनाची पदवी घेणारी विद्यार्थिनीही पुढे त्याच दारात पोहोचते. पुण्याची आयसर ही केंद्र सरकारची संस्था २००६ साली सुरू झाली. तेथील पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम स्वतंत्र प्रवेश परीक्षेतून मिळतो. पदवीनंतर ‘जॅम’सारख्या परीक्षेतून बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एकात्मिक पीएचडीला जाता येते, त्या संस्थेत २००९ पासून मेंदूविज्ञानाचे स्वतंत्र केंद्र आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, बंगळुरूची निम्हान्स आणि हरियाणातील मानेसरचे राष्ट्रीय मस्तिष्क संशोधन केंद्र ही या विषयाची आणखी मोठी ठाणी. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी पूर्ण केल्यास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार थेट पीएचडीच्या प्रवेशासही पात्र होता येते.

या वाटेवर पैशाचा प्रवाह उलटा वाहतो. बारावीत आपल्या मंडळाच्या वरच्या एक टक्क्यात आलेला आणि मूलभूत विज्ञानाची पदवी घेणारा विद्यार्थी ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्तीस पात्र ठरू शकतो. ती वर्षाला ८०,००० रुपयांची आहे. येथे एक सावधगिरी हवी. ही योजना ठरावीक मूलभूत विषयांनाच लागू असते. आकर्षक नावाच्या अभ्यासक्रमात नाव घालण्यापूर्वी तो विषय यादीत आहे की नाही, हे पाहून घ्यावे. पुढे संशोधनाच्या पायरीवर विद्यावेतन सुरू होते.

आणि परदेश? तोही सुटत नाही. अमेरिकेतील न्यूरोसायन्सच्या पीएचडी अभ्यासक्रमांत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याची फी साधारणतः माफ असते व निर्वाहासाठी वेतनही दिले जाते. जागा थोड्या आणि चुरस मोठी, हे खरे. परंतु पहिल्या पदवीच्या वेळी जो परदेश चाळीस लाख मोजून मिळवावा लागतो, तोच पाच वर्षांनी गुणवत्तेच्या बळावर विद्यावेतन देऊन बोलावतो. थांबण्याचा एवढा मोठा नफा फार थोड्या व्यवहारांत मिळतो.

देशात शिकतानाही कर्ज लागू शकते. तीन वर्षांत दरवर्षी दोन लाख याप्रमाणे सहा लाख उचलले, तर त्याच १०.५ टक्के दराने चौथ्या वर्षाअखेर देणे ७ लाख ८९ हजार होते आणि दहा वर्षांचा हप्ता सुमारे १०,६५० रुपये येतो. शिकत असतानाच व्याज भरत गेल्यास तो ८,१०० रुपयांच्या आसपास राहतो. पहिल्या नोकरीच्या पगारात हे ओझे पेलवते. हाती येणाऱ्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून अधिक हप्ता नसावा, हा साधा नियम घरोघरी पाळावा. उच्च शिक्षण पुढे चालू राहणार असेल, तर हप्त्याची सुरुवात पुढे ढकलता येते का, हे कर्ज घेतानाच बँकेकडून लेखी घ्यावे.

साहाय्याची दारे

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत गुणवत्तेच्या क्रमवारीत बसणाऱ्या देशातील संस्थांसाठी तारण व जामिनाविना कर्ज मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षण व सवलतीच्या काळात, तीन टक्के व्याजसवलत मिळू शकते. जैन समाजास २७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्यामुळे उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या कुटुंबांना राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाचे सवलतीच्या व्याजाचे शैक्षणिक कर्जही खुले आहे. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाला साहाय्य करणारी ‘पढो परदेश’ ही योजना मात्र २०२२-२३ पासून बंद झाली आहे; तिचे नाव घेऊन कोणी आशा लावीत असेल, तर सावध राहावे.

करसवलतीचाही मुद्दा येतो. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०ई ने शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट दिली. मुद्दलावर नाही, नव्या करप्रणालीत नाही आणि काका-मामांकडून घेतलेल्या रकमेवरही नाही. केवळ कर वाचतो म्हणून कर्ज वाढवणे हे सवलतीत मिळाला म्हणून नको असलेला माल भरण्यासारखे आहे.

परतफेडीच्या शिष्यवृत्तीची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी जो निधी सुरू केला, तो अशाच कर्ज-शिष्यवृत्तीचा होता आणि त्याच्या पहिल्या लाभार्थींत कृष्णाबाई केळवकर व फ्रेनी कामा या दोन महिला डॉक्टर होत्या. मुंबईच्या श्री महावीर जैन विद्यालयाने १९१५ पासून समाजातील असंख्य मुलांच्या शिक्षणाला आधार दिला. अशा निधीतून घेतलेली रक्कम परत गेली की ती पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती पडते. तेथील हप्ता चुकला, तर दुसऱ्या कोणाची तरी फी थांबते, हे घेणाऱ्याने मनात ठेवावे.

कल्पनेतल्या त्या घरात शेवटी काय घडावे? वडिलांनी मुलीला गादीवर बसवावे आणि तिच्याच हाताने दोन पाने लिहवून घ्यावीत. एका पानावर सल्लागाराची वाट, दुसऱ्यावर ही. प्रत्येक पानावर शिक्षणाची वर्षे, उचल, चढणारे व्याज, पहिल्या हप्त्याचा महिना, त्या महिन्यातील संभाव्य उत्पन्न आणि तारण ही सहा कलमे असावीत. पहिल्या पदवीनंतर मन बदलले, तर कोणत्या पानावरून सहज मागे फिरता येते, तेही शेवटी लिहावे. ज्या मुलीने आपल्या शिक्षणाचा हिशेब स्वतः मांडला आहे, तिला नंतर ना वडिलांच्या नकाराचे दुःख राहते, ना त्यांच्या होकाराचे दडपण.

आणि ती दोन पाने आजोबांपुढे ठेवावीत. शब्द हरवले असले, तरी बेरीज त्यांना अजून वाचता येते. नातीने एखाद्या उचलीवरचे व्याज धरायचे विसरलेच, तर त्यांचे बोट नेमके त्या ओळीवर जाऊन थांबेल.